तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : रिटर्न गिफ्टचा तो ड्रॉवर

गेल्या महिन्यात मी या पानावर सहज लिहून गेले होते की मुलांच्या वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग काय, इनबॉक्स भरून वाहिला. पोळ्या मऊ कशा कराव्यात या विषयाला सुद्धा इतकी पत्रं आली नव्हती. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, ज्यात बाकीच्यांनाही उपयोग होईल अशी घेतलीयेत. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

ताई नमस्कार. आमची सोसायटी घोडबंदर रोडला आहे. मुलगी पुढच्या महिन्यात 6 वर्षांची होईल. बिल्डिंगमधली आणि शाळेतली मिळून 28 मुलं होतायत. गेल्या महिन्यात एकांनी प्रत्येक मुलाला नाव छापलेली स्टीलची बाटली दिली, त्याआधी एकांनी छोट्या ट्रॉली बॅगा दिल्या. आता मी शंभर रुपयांचं काही दिलं तर बरं दिसेल का? नवरा म्हणतो तू उगाच विचार करतेस, पण त्याला ग्रुपवरचे फोटो बघायचे नसतात ना. — एक आई, ठाणे

बरं दिसेल. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

आता हिशोब. 28 मुलांना अडीचशेचं काही घेतलं की 7000 झाले, शंभरचं घेतलं तर 2800. मधले 4200 रुपये तुम्ही मुलांसाठी खर्च करत नाही आहात, बाकीच्या आयांसाठी करताय, कारण सहा वर्षांच्या पोराला बाटली अडीचशेची की शंभरची हे कळतच नाही, त्याला पिशवीत काय आहे आणि दुसऱ्याच्या पिशवीत आपल्यापेक्षा वेगळं काही आहे का एवढंच बघायचं असतं. आणि त्या आया तरी काय करतात हो? प्रत्येकीच्या घरी एक ड्रॉवर असतो. तुमच्याकडेही असेलच, उठून बघा. त्यात सहा कंपास पेट्या, चार स्मायली बॉल, गोळी गोल फिरवून भोकात पाडायचे ते प्लास्टिकचे छोटे खेळ, एक पाय तुटलेला डायनासोर, कोणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचा फोटो छापलेला चहाचा मग. तो मग तर फारच वाईट, कारण दुसऱ्याच्या बाळाचा फोटो आहे म्हणून टाकवत नाही आणि चहा प्यायचाही धीर होत नाही. नाव छापलेल्या बाटलीचं तेच, कामवाल्या ताईंच्या मुलाला द्यावी म्हटलं तर त्यावर तुमच्या पोराचं नाव.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि आजची सगळी उत्तरं त्याच्याच आजूबाजूला फिरणार आहेत: रिटर्न गिफ्ट संपणारं असावं. खाऊन संपेल, रंगवून संपेल, खेळून झिजेल, पेरून उगवेल. दुसऱ्या बाईच्या घरात आपण एक वस्तू पाठवतोय आणि ती तिला सांभाळायची आहे हे दुकानात उभं असताना आठवायचं.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. संक्रांतीचं वाण आठवा. सुगडात काय असायचं? गाजर, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. वर तिळगूळ. सगळं चार दिवसांत संपणारं, सुगडही मातीचं. मग कधीतरी आपण हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायला लागलो आणि आता रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या घरी झाकण नसलेल्या डब्यांची चळत तयार होते. बोरन्हाण तर सरळ सरळ लहान मुलांची पार्टीच आहे, बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हल्ली गोळ्या चॉकलेटं ओतायची आणि आलेल्या पोरांनी ती गोळा करून खिशात भरून घरी न्यायची. झालं की रिटर्न गिफ्ट. त्यावर कोणी कोणाची किंमत काढली नाही.

आता नेमकं काय ते सांगते. 6 वर्षांच्या मुलांना बारा तेलखडूंची पेटी आणि एक चित्रकलेची वही, हे कधीही चुकत नाही. तेलखडू तुटतात, हरवतात, संपतात, घरी आधीची पेटी असली तरी दुसरी लागतेच. तसंच ओरिगामीचे कागद, पत्त्यांचा कॅट (सहा वर्षांच्या मुलांना पाच-तीन-दोन नाही जमत पण भिकार-सावकार मस्त जमतं), एक बरं भिंग, दोरीवरच्या उड्यांची दोरी. भिंग आणि दोरी संपत नाहीत हे मान्य, पण पडून राहत नाहीत. यातलं एकच काहीतरी घ्या. पाच बारीकसारीक वस्तूंची पिशवी भरण्यापेक्षा एक धड वस्तू, कारण पिशवी भरायला म्हणून घेतलेल्या चार वस्तू थेट ड्रॉवरमध्ये जातात.

तुम्ही ठाण्यात आहात तर एक सकाळ काढून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन या, स्टेशनरी आणि खेळणी तिथे डझनाच्या हिशोबाने मिळतात आणि किरकोळ दुकानापेक्षा बराच फरक पडतो. रविवारी जाऊ नका, बरीच घाऊक दुकानं बंद असतात. आणि तीन गोष्टी लक्षात ठेवा. सगळ्यांसाठी एकाच रंगाचं घ्या, गुलाबी निळं मिक्स घेतलंत तर केकपेक्षा त्यावर जास्त रडारड होईल. चार नग जास्त घ्या, कोणाचं तरी धाकटं भावंड येतंच. आणि पिशव्या दारात, निघताना द्या. मधेच दिल्यात की सगळी पोरं तिथेच पाकिटं फोडतात, कोणाचा खडू सोफ्याखाली, कोणाची वही केकात.

ग्रुपवरच्या फोटोंचं काही करता येणार नाही. म्यूट करा.

माझ्या मुलाचा दुसरा वाढदिवस आहे. दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत सगळ्या वयाची मुलं येणार आहेत. सगळ्यांना सारखंच द्यावं असं सासूबाई म्हणतात. मी चमकणाऱ्या अंगठ्या, शिट्टी आणि छोटे चुंबकाचे गोळे असं पाकीट बघितलंय, सेटमध्ये स्वस्त मिळतंय. चालेल का? — नाशिक

नाही. हे पाकीट अजिबात नको, आणि यावर जरा सविस्तर लिहिते कारण हे पाकीट मी पण दुकानात बघितलंय आणि दिसायला फारच गोड असतं.

चमकणाऱ्या अंगठीत बटणासारखा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते, म्हणजे रात्रभर वाट बघू, शी मधून पडेल असं म्हणायची सोय नाही, उलटी काढायची नाही, तसंच उचलून हॉस्पिटलला. वाजणारी मेणबत्ती, लाइटवाला भोवरा, बोलणारं कार्ड, सगळ्यात हेच सेल असतात. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल, नखाने उघडत असेल तर ती वस्तू दुकानातच ठेवायची. चुंबकाचे गोळे त्याहून वाईट, एक गिळला तर कदाचित निभावतं पण दोन गिळले की आतड्याच्या दोन वेगवेगळ्या घड्यांमधून एकमेकांना ओढून धरतात, आणि मग ऑपरेशन. पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी असतात ना, ते पोटात गेल्यावर पण फुगतात. म्हणून ते पण नाही.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी घरच्या घरी करायची चाचणी म्हणजे टिशू रोल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी. जी वस्तू किंवा वस्तूचा जो सुटा होणारा भाग त्या नळीतून आरपार जातो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. सरकारी चाचणीतली नळी यापेक्षाही बारीक असते, साधारण 32 मिलिमीटर, पण आपण थोडं जास्तच सांभाळलेलं बरं. न फुगवलेले फुगे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे पण याच यादीत. खाऊ देणार असाल तर चार वर्षांच्या आत शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या नकोत.

आणि खेळण्याच्या खोक्यावर आयएसआय मार्क बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे हाताने केलेल्या लाकडी खेळण्यावर तो नसला तरी घाबरू नका. पण सेट-सेट म्हणून पुडक्यात विकतात त्यावर बऱ्याचदा कंपनीचं नावच नसतं, तिथे मार्क कुठून येणार.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. दिसायला सारखं असावं म्हणजे भांडणं होत नाहीत. पण वयाच्या दोन पिशव्या करा, बाहेरून एकसारख्या, आतून वेगळ्या. लहानग्यांना जाड पुठ्ठ्याच्या पानांचं चित्रांचं पुस्तक किंवा एक मऊ चेंडू जो त्या नळीतून जाणार नाही, मोठ्यांना रंग-वही. पिशवीवर आतल्या बाजूला पेन्सिलीने ल किंवा मो लिहून ठेवा, ऐन वेळी गोंधळ होतो.

शिट्टीबद्दल मात्र मी अनुभवाने बोलते. माझ्या लेकाच्या पाचव्या वाढदिवसाला मी 22 शिट्ट्या वाटल्या होत्या, तुळशीबागेत डझनात मिळाल्या म्हणून. पुढचे पंधरा दिवस आमच्या बिल्डिंगमध्ये जे काही चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका अजूनही मला बघितलं की कानावर हात ठेवतात, गमतीने, पण ठेवतात.

मी सातारची एक आजी. आमच्या वेळी वाढदिवसाला औक्षण, शिरा आणि शेजारच्या मुलांना खाऊ, एवढंच. आता नातीला 8 वर्षं होतायत, मला वाटतं मुलांना गोष्टीची पुस्तकं द्यावीत. सूनबाई म्हणतात आई, आजकाल मुलं वाचत नाहीत आणि सगळी इंग्लिश मीडियमची आहेत. तुम्हाला काय वाटतं? तिला वाईट वाटेल असं लिहू नका.

आजी, शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला नमस्कार. सूनबाईंना वाईट वाटायचं काही कारणच नाही, त्या म्हणतायत ते खोटं नाहीये. इंग्लिश मीडियमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातात बारीक टायपाचं, शंभर पानी, जोडाक्षरांनी गच्च मराठी पुस्तक दिलं तर तो ते उघडणार नाही आणि पुस्तक ड्रॉवरमध्ये पण नाही, थेट माळ्यावर जाईल. चूक मुलाची नाही, निवडीची.

म्हणून पुस्तक निवडताना वयापेक्षा दोन वर्षं खालचं निवडा. आठ वर्षांच्या मुलांना सहाचं. पानावर तीन-चार ओळी, मोठं चित्र, एका बैठकीत संपेल असं, कारण एक मराठी पुस्तक आपण आपलं आपण वाचून संपवलं याचा त्या पोरांना जो काही आनंद होतो ना तो बघण्यासारखा असतो. आणि नाहीच वाचता आलं तर आई वाचून दाखवेल, पाच मिनिटांचं काम. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं मराठीत आहेत आणि किमती खरंच कमी आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रांची पुस्तकं फार देखणी असतात, प्रथम बुक्सकडे एकाच पानावर दोन भाषा असलेली पण मिळतात, ती तर या मुलांना अगदी सोयीची. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे अंक घेऊन एकेक वाटला तरी सुंदर, कोडी असतात, चित्रं असतात, आणि जुने अंक तर बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत, हे नातीला सांगा, ती शोधून देईल.

साताऱ्याहून पुण्याला कोणी येणार असेल तर अप्पा बळवंत चौकात एका फेरीत सगळं होतं. सगळ्यांना एकच पुस्तक देऊ नका, दहा मुलांना दहा वेगळी द्या. मघाशी ठाण्याच्या बाईंना मी सांगितलं की सगळ्यांना सारखं द्या, आणि आता उलट सांगतेय, पण पुस्तकाचं तसंच आहे, वेगळी दिली की मुलं आपापसात बदलून वाचतात. पहिल्या पानावर तुमच्या हाताने, तारीख घालून, दोन शब्द लिहा. ते पान कोणी फाडत नाही.

आणि सूनबाईंच्या मनासारखं पण काहीतरी होऊ दे, पिशवी त्यांना निवडू द्या. नाहीतर जुन्या साडीचे काठ असतील तर तुम्हीच पोतड्या शिवा, पुस्तक मावेल एवढ्या. त्या मुलं नंतर गोट्या भरायला वापरतात.

शाळेत वाटायला काय द्यावं? वर्गात 45 मुलं आहेत. शाळेने चॉकलेटला पण मनाई केली आहे आणि गिफ्टला पण. मुलगा म्हणतो सगळे देतात. — एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

दादा, शाळेने नाही म्हटलंय तर काही देऊ नका. सगळे देत नाहीत, दोघं देतात आणि बाकीच्यांना वाटतं सगळे देतात. अगदीच रुखरुख लागली तर मुलाच्या नावाने वर्गाच्या कपाटासाठी एक खेळाचं किंवा गोष्टीचं पुस्तक द्या, बाईंना विचारून. 45 पेन्सिलींपेक्षा स्वस्त पडेल.

ताई, मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, अगं म्हटलंत तरी चालेल. मागच्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाला मी हौसेने सगळ्यांना रोपं दिली, तुळस आणि मोगरा. महिन्याभरात बहुतेक सगळी मेली असं कळलं. दोन जणींनी तर सांगितलं की मुलं रडली. आता यंदा परत पर्यावरणाचं काही करावं की नको? — कोल्हापूर

अगं, कर की. पण रोप नको.

रोप ही जबाबदारी असते. ती तू दुसऱ्याच्या बाल्कनीत न विचारता ठेवून आलीस, त्यातल्या निम्म्या बाल्कन्यांना ऊन नाही, उरलेल्या मे महिन्यात गावाला गेल्या. आणि मेलं की मुलाला वाटतं आपल्यामुळे मेलं. वाढदिवसाला असलं काही देऊ नये.

बिया दे. त्याही मेथी आणि धने, तुझ्याच स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या, फक्त खूप जुन्या नसाव्यात. मेथी दोन-तीन दिवसांत मोड येऊन वर दिसायला लागते, लहान मुलांना एवढाच धीर असतो. धन्यांना आठ-दहा दिवस, कधी जास्तही, आणि धने अख्खे पेरायचे नाहीत, चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या, एका धन्यात दोन बिया असतात. हे मुलांना सांगितलं की त्यांना फार भारी वाटतं, आमच्याकडे तर भाजीत घालायचे धने पण रगडून बघितले गेले. कागदाच्या पुडीत मूठभर मेथी, दुसऱ्या पुडीत चमचाभर धने, आणि एका चिठ्ठीवर तुझ्या मुलाच्या अक्षरात चार ओळी: माती भर, पसर, वरून थोडी माती, रोज थोडं पाणी. भांडं म्हणून दह्याचा रिकामा डबा, खाली भोक पाडून. पंधरा-वीस दिवसांनी मेथी कापायची आणि पराठ्यात घालायची. संपलं. कोणी रडलं नाही.

खर्च जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे लोक काय म्हणतील असं वाटलंच तर सोबत एक राजगिऱ्याचा लाडू ठेव. पुडी बांधताना ती चकचकीत प्लास्टिकची फिल्म आणि रिबिन नको, साध्या कागदाला सुतळी मस्त दिसते. सजावटीचं पण बघ, 1 जुलै 2022 पासून फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहेत, दुकानात अजून मागच्या कप्प्यातून काढून देतात ते वेगळं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे वाढदिवसाला गुडी बॅग द्यायची पद्धत आहे. मुलीच्या वर्गातली 18 मुलं येतील, त्यात आपली चार-पाचच. डिसेंबरात पुण्याला येतोय, तिथूनच काही घेऊन जावं असं वाटतं. शेंगदाण्याची चिक्की, तिळाच्या वड्या नेल्या तर? वाढदिवस संक्रांतीच्या आसपासच असतो. — एक वाचक

कल्पना गोड आहे पण दोन्ही नको. शेंगदाण्याचं तर तुम्हाला माहीतच असेल, तिकडे बऱ्याच शाळांत डब्यातसुद्धा चालत नाही. तिळाचं कदाचित लक्षात आलं नसेल. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळ नववा मोठा अॅलर्जीचा पदार्थ म्हणून पाकिटावर लिहावा लागतो, दूध, अंडी, मासे, कवचवाले मासे, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन यांच्या जोडीला. आपण तीळ खाऊन गोड बोलायचं आणि तिथे एखाद्या लेकराला अॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ यायची. परक्या मुलांना खाऊ द्यायचाच नाही हा तिकडे सरळ नियम ठेवा. तिळगूळ घरी, ज्यांच्या आईला तुम्ही ओळखता त्यांना, विचारून.

वरची कोल्हापूरची बियांची आयडिया पण उचलू नका, बिया कागदपत्रांशिवाय तिकडे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. मला क्षणभर सागरगोटे सुचले होते, मग आठवलं की त्या पण बियाच!

वजनाला हलकं आणि संपणारं असं बघायचं तर वारली करा. विटकरी किंवा खाकी कागदाची वीस-वीस पानं, एक पांढरा पेन, आणि एका पानावर तुम्ही काढून दिलेले नमुने: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस, एक गोल डोकं, काड्यांचे हातपाय, मग तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं. पाच वर्षांच्या मुलालाही जमतं आणि दहा वर्षांचाही कंटाळत नाही. चिठ्ठीवर लिहा की ही माणसं पालघर, डहाणूकडच्या वारली लोकांच्या घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढतात. कागद पुण्यात कुठेही मिळतील, तुमच्या बॅगेत एका कोपऱ्यात 18 मुलांचं सगळं मावेल. पांढरे पेन तिकडेच घ्या, विमानात गळले तर साड्या गेल्या.

आणि बाकीच्या आयांशी बोलताना मला वाटतं तुम्हाला कळेल की गुडी बॅगेला त्याही वैतागलेल्या असतात. त्यांच्याकडेही तो ड्रॉवर आहेच.

आम्हाला गिफ्ट नको आणि रिटर्न गिफ्ट पण द्यायचं नाही. मेसेज कसा लिहू? माझ्या आईला वाटतं हे शिष्टपणाचं दिसतं. — पुणे

शिष्टपणाचं दिसतं ते लांबलचक कारणं दिल्यामुळे. पर्यावरण, साधेपणा, मुलांवर संस्कार असं काही लिहू नका, वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला शिकवतायत. एवढंच पाठवा:

"शनिवारी संध्याकाळी 5 ते 7, मिसळ, केक आणि गच्चीत लगोरी. गिफ्ट आणू नका हं, आम्हीही देणार नाही, फक्त मुलांना खेळायचे कपडे घालून पाठवा."

यात 'आम्हीही देणार नाही' हे आलंच पाहिजे. नुसतं 'गिफ्ट आणू नका' लिहिलं की लोक आणतात, आणि मग आणलंय म्हणून तुम्हाला ओशाळं होऊन काहीतरी द्यावंसं वाटतं, आणि रात्री नऊ वाजता घरातल्या न वापरलेल्या कंपास पेट्या निघतात. कोणाच्या निघतात ते मी सांगत नाही. तरी दोघं-तिघं आणतीलच, घ्या, थँक्यू म्हणा, परत करायच्या भानगडीत पडू नका. आईला सांगा की निघताना प्रत्येक मुलाच्या हातावर खडीसाखर किंवा लाडू ठेवायचं काम त्यांचं. रिकाम्या हाताने पोरं दारातून जायला नकोत हे त्यांचं दुखणं असतं, ते रिटर्न गिफ्टचं नसतंच.

दोन मुली आणि तीन मुलगे असे पाच चुलत भाऊ-बहीण येणार आहेत. मुलींना वेगळं आणि मुलग्यांना वेगळं घेऊ का? — नागपूर

नको. मुली पण लगोरी खेळतात आणि मुलगे पण मणी ओवतात, तुम्ही वेगळं केलंत की मगच भांडतात.

ताई, गोव्यात राहतो, सावंतवाडीची लाकडी खेळणी द्यायचा विचार आहे. चांगली असतात का? महाग पडतील का? — म्हापसा

चांगली असतात, आणि तुम्हाला तर शेजारीच. सावंतवाडीच्या चितारआळीत, जिथे ही खेळणी मिळतात, तिथे जाऊन स्वतः बघून घ्या. फळांची परडी सुंदर दिसते पण ती मोठ्यांनाच आवडते, मुलं दोन दिवस खेळतात आणि मग ती शोकेसमध्ये जाते, शिवाय अख्खी परडी प्रत्येकाला दिली तर महाग पडणारच. भोवरे घ्या. भोवऱ्याला जाळी, म्हणजे दोरी, लावायला शिकवायला एखादे काका हाताशी ठेवा म्हणजे पार्टीतला एक तास पण निघतो, वेगळे गेम घ्यायला नकोत. पाच वर्षांच्या खालच्यांना आरीचा भोवरा नको, टोक लागतं, त्यांना हाताने फिरवायची लाकडी भिंगरी. त्या नळीची चाचणी इथे पण करा.

हे संपणारं नाही असं कोणी म्हणेल. पण भोवरा हरवतो हो, आमच्या लहानपणी तर एकमेकांचे फोडायचेच, तो खेळच होता.

माझा मुलगा 4 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सगळ्यांना रिटर्न गिफ्ट वाटून झाल्यावर भोकाड पसरून बसला की मला का नाही दिलं. आम्ही समजावलं की तुला एवढी मोठी गिफ्ट मिळालीत, पण ऐकेना. हे लाडावल्याचं लक्षण आहे का? — पिंपरी

नाही हो. त्याने दोन तास दारात उभं राहून स्वतःच्या हाताने सगळ्यांना एकसारखी पिशवी दिली, आणि त्याला एकट्यालाच ती मिळाली नाही. मीही रडले असते. मोजताना एक पिशवी जास्त धरा, आणि ती त्याला सगळ्यात शेवटी, दार लावल्यावर, तुम्ही द्या.

ठाण्याच्या ताई, म्हणजे 28, जास्तीच्या चार आणि ही एक, तुमच्या पिशव्या पण आता 33 झाल्या.